बियांपासून लेमन बाम, गोव्यातल्या घरी: सारखे विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याजवळच्या आमच्या घरी मी गेली काही वर्षं लेमन बाम बियांपासून लावते. अंगणात कोणी आलं की पान चुरडून वास घेतात आणि मग प्रश्न सुरू होतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून ठेवावं. लांब झालंय, तुम्हाला हवा तो प्रश्न बघा, पण "कधी पेरायचं" आणि "पावसाळ्यात काय करायचं" हे दोन मात्र सोडू नका.

लेमन बाम म्हणजे गवती चहाच ना?

नाही हो. गवती चहा म्हणजे गवत, लांब पात्यांचं, हात कापणारं. लेमन बाम पुदिन्याच्या आणि तुळशीच्या घराण्यातलं झुडूप आहे, मेलिसा ऑफिसिनॅलिस. दांडा बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागतो, पुदिन्याचा लागतो तसाच. पान पुदिन्यापेक्षा रुंद, फिकट हिरवं, सुरकुतलेलं, कडेला दाते. वास लिंबाचा, पण लिंबाच्या सालीसारखा तिखट नाही, गोडसर आणि मऊ. गवती चहात जे सिट्राल नावाचं वासाचं द्रव्य असतं तेच यातही असतं म्हणून वास जुळतो, एवढंच नातं.

आणि गोव्यातली एक गंमत सांगते, पोर्तुगीज बोलणाऱ्या जुन्या घरांत कोणी "एर्वा-सिद्रेइरा" म्हणालं तर पोर्तुगालमध्ये ते याच झाडाचं नाव आहे. पण ब्राझीलमध्ये त्याच नावाने गवती चहा आणि आणखी एक वेगळंच झुडूप पण ओळखतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, पान बघा.

गोव्यात होतं का पण? थंड हवेचं झाड ना ते?

होतं. पण तिकडच्या वेळापत्रकाने होत नाही. हे झाड मूळचं दक्षिण युरोप, भूमध्य समुद्राच्या आजूबाजूचा भाग आणि तिथून इराण, मध्य आशियापर्यंतचं. भूमध्याकडे पाऊस पडतो हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणजे तिकडे ओलं असतं तेव्हा गार असतं, आपल्याकडे ओलं असतं तेव्हा उकडत असतं, आणि या झाडाला नेमकं तेच सोसत नाही. थंडी त्याला चालते, थोडा कोरडेपणा पण चालतो, ओल आणि उकाडा एकदम आला की मुळं कुजतात. एवढं डोक्यात ठेवलं की खालची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

कधी पेरायचं?

पाऊस पूर्ण उघडल्यावर. आपल्याकडे मान्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो, सरासरी ३००० मिमी पडतो, म्हणजे जवळजवळ १२० इंच. त्यात हे मोहरीपेक्षा बारीक बी काय टिकणार. माझा हिशोब असा आहे की दिवाळीची साफसफाई झाली की माती तयार करायची आणि तुळशीच्या लग्नाच्या आसपास पेरायचं. तेव्हा रात्री गार व्हायला लागतात, सकाळी अंगणात दव दिसतं, हवेतला चिकटपणा कमी झालेला असतो. या बियांना रुजायला १८ ते २४ अंश मानवतं, आणि गोव्यात तेवढं मिळण्याचे महिने म्हणजे नोव्हेंबर अखेर ते जानेवारी, ते पण रात्री आणि सकाळी. दुपारी तापतं, म्हणून बिया सावलीत ठेवायच्या.

डिसेंबरमध्ये पेरलं तरी चालेल, जानेवारीत पण बी रुजेल, पण मग रोपाला अंगात जोर यायला वेळ कमी मिळतो, मार्च उजाडला की ऊन चढतं आणि लहान रोपं माना टाकतात. नोव्हेंबरच्या रोपाला तीन-साडेतीन महिने मिळतात, तोपर्यंत त्याची मुळं कुंडीत नीट बसलेली असतात.

बियांच्या पाकिटावर "मार्च-एप्रिल" किंवा "वसंतात पेरा" असं छापलेलं असतं ते थंड देशांसाठी. तिकडे बर्फ वितळल्यावर जी हवा असते ती आपल्याकडे डिसेंबरात असते. मी पहिल्या वर्षी पाकिटावर विश्वास ठेवून एप्रिलमध्ये पेरलं होतं, एकही बी आलं नाही, आणि मला वाटलं बी खराब. बी चांगलं होतं, उरलेल्या अर्ध्या पाकिटातून त्याच वर्षी डिसेंबरात भरपूर रोपं आली.

बी कुठून आणायचं? खरं आहे हे कसं ओळखायचं?

बहुतेकांना ऑनलाईनच मागवावं लागतं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुम्हाला मिरची, वांगी, भेंडी, लाल भाजीचं बी मिळेल, हे मिळणं कठीण. ऑनलाईन घेताना पाकिटावर मेलिसा ऑफिसिनॅलिस लिहिलंय ना ते बघा आणि पॅकिंगची तारीख बघा. नुसतं "लेमन हर्ब" किंवा "लेमन तुळस" लिहिलं असेल तर घेऊ नका. मला एकदा एका विक्रेत्याकडून लेमन बेझिल आलं, म्हणजे लिंबाच्या वासाची तुळस, दोन महिने मी ते लेमन बाम म्हणून जपलं आणि मग अरुंद गुळगुळीत पानं आणि तुळशीसारखा तुरा आला तेव्हा कळलं. वाईट वाटलं, पैशाचं नाही, हंगाम गेला त्याचं.

बी गर्द तपकिरी, जवळजवळ काळं, लांबी जेमतेम एक-दीड मिलिमीटर. एका ग्रॅममध्ये दीड-दोन हजार दाणे येतात. तेव्हा घरासाठी सगळ्यात लहान पाकीट पण खूप झालं. उरलेलं बी घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, आपल्या दमट हवेत कपाटात ठेवलेलं बी पावसाळा काढत नाही.

माती कुठली? आमच्याकडे सगळी लाल माती आहे.

नुसती लाल माती नको. आपली जांभ्याची माती आंबट असते, पाणी दिलं की वर पापुद्रा धरते आणि वाळली की दगड. बारीक बियांना तो पापुद्रा फोडता येत नाही. पेरणीसाठी मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि एक भाग नदीची रेती घेते. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुवून पिळून घ्या, त्यात खार असतो. समुद्राची वाळू अजिबात नको, कितीही धुतली तरी नको.

मोठ्या कुंडीत मात्र लाल माती चालते, एक तृतीयांश, बाकी शेणखत आणि रेती. एक चिमूट लाकडाची राख घातली तर आंबटपणा थोडा मोडतो. याला पाणी साचणारी माती सोडून बाकी बरंच चालतं.

पेरायचं कसं ते अगदी सावकाश सांगा.

मी करवंटीत पेरते. ट्रे, दह्याचे डबे, कागदी कप काहीही चालेल, पण करवंटी घरात रोज निघते आणि तिला भोक पाडायची पण गरज नाही. नारळ फोडल्यावर तीन डोळे असलेली अर्धी बाजू ठेवायची, त्यातला एक डोळा मऊ असतो, तो खिळ्याने टोचला की पाणी जायला वाट झाली. खोबरं मात्र खरवडून स्वच्छ काढा आणि दोन दिवस उन्हात वाळवा, जरा जरी राहिलं तरी मुंग्या येतात आणि खोबऱ्याबरोबर बी पण नेतात.

करवंटीत मिश्रण भरा, काठापासून बोटभर खाली. आधी पाणी द्या, पेरल्यावर नाही. माती ओलसर झाली, वरचं पाणी निथळलं की वाटीच्या बुडाने हलकं दाबून सपाट करा. आता बी. हे बोटाने एकेक उचलता येत नाही, ओल्या बोटाला तर दहा चिकटतात. चिमूटभर बी चमचाभर कोरड्या बारीक रेतीत मिसळा आणि रांगोळी सोडतो तशी चिमटीतून सोडा. एका करवंटीत १०-१२ दाणे पुरे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, वर माती घालू नका. या बियांना रुजायला उजेड लागतो. आपल्याला सवय असते बी पुरायची, हात आपोआप माती ओढायला जातो, तिथे थांबवा. वाटीच्या बुडाने परत एकदा अलगद दाबा, बी मातीला चिकटलं पाहिजे, आत जाता कामा नये. मला लोक सांगतात की दोनदा पेरलं, काही आलं नाही, आणि विचारलं की किती खोल पेरलं तर म्हणतात अर्धा इंच. अर्ध्या इंचावरून याचं कोंब वर येऊच शकत नाही, त्याच्यात तेवढी शिदोरीच नसते.

मग करवंट्या एका ताटात ठेवा, ताटात थोडं पाणी घाला, पाणी खालून वर चढेल. वरून झारीने किंवा नळाने दिलं की सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं. वर पातळ प्लास्टिक घाला, टाचणीने भोकं पाडून, आणि रोज सकाळी अर्धा तास उघडं ठेवा. जागा उजेडाची, पण थेट उन्हाची नाही. आमच्याकडे बाल्कांवातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, सोप्यावर (बसायच्या कट्ट्यावर) ठेवते, तिथे दिवसभर उजेड असतो आणि मांजर येत नाही.

किती दिवसांत रुजतं?

७ दिवसांपासून २१ दिवसांपर्यंत कधीही. सगळं एकदम येत नाही, आज दोन, चार दिवसांनी तीन असं येतं. पहिली दोन पानं इतकी लहान असतात की तिरपं बघितल्याशिवाय दिसत नाहीत, हिरवे ठिपके वाटतात. दाते असलेलं खरं पान त्याच्यानंतर येतं, आणि चार पानं झाली की बोटाने हलकेच एक चोळा, वास येतो. मी अजून दर वर्षी त्या दिवसाची वाट बघते.

तीन आठवडे झाले आणि काहीच नाही तर लगेच फेकू नका, आणखी आठवडाभर ओलावा ठेवा. तरी नाही आलं तर उरलेल्यातले वीस दाणे ओल्या टिशूवर, झाकणाच्या डब्यात, उजेडाला ठेवून बघा. त्यातले पाच-सहा पण फुटले नाहीत तर बी जुनं आहे.

आधी फ्रीजमध्ये ठेवायला लागतं का?

सक्ती नाही. काही जण ओल्या टिशूत आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवतात, त्याने सगळी रोपं जरा एका वेळेला येतात. मी करत नाही.

रोपं आली आणि दोन दिवसांत आडवी पडली. काय चुकलं?

मातीजवळ देठ काळा, दोऱ्यासारखा बारीक झाला असेल तर ती मर, बुरशीची. जास्त ओल आणि हवा कमी. आडवी पडलेली परत उठत नाहीत, ती काढून टाका, त्या करवंटीचं पाणी थांबवा आणि बाकीच्यांना वाऱ्यावर ठेवा. कोंब दिसले त्या दिवशी प्लास्टिक काढायचं असतं, बरेच जण ते मायेने ठेवतात आणि तिथेच घात होतो. मिश्रणात पेरणीआधी थोडं ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी चांगली बुरशी) घातलं तर फायदा होतो, खतांच्या दुकानात पावडर मिळते.

मुंग्या बी नेतात, त्यांचं काय करू?

ताटात पाणी असेल तर येतच नाहीत. ताट कोरडं पडू देऊ नका, बस.

कुंडीत कधी हलवायचं? कुंडी केवढी?

पाच-सहा आठवड्यांनी, सहाएक खरी पानं आल्यावर. संध्याकाळी हलवा. करवंटीतून चमच्याने मातीसकट काढा, देठाला धरू नका, पानाला धरा, पान तुटलं तर दुसरं येतं. एका दहा इंची कुंडीत एक रोप, दोन लावली तर दोन्ही रडतात. जमिनीत लावत असाल तर दीड फूट अंतर ठेवा. पहिले चार दिवस पूर्ण सावली.

रोप बोटभर उंच झालं की वरचा शेंडा खुडा. जीव होत नाही मला माहितीये, एवढं जपून वाढवलेलं आणि तोडायचं, पण खुडल्याशिवाय ते फुटत नाही, एकच काडी उंच जाते.

ऊन किती, पाणी किती?

सकाळचं ऊन दहा-अकरापर्यंत, नंतर सावली. कुळागर (सुपारीची बाग) असेल तर पोफळींच्या कडेला, जिथे ऊन गाळून येतं तिथे छान होतं. फ्लॅटमध्ये पूर्वेची गॅलरी. पश्चिमेची असेल तर हिरवं शेडनेट लावा.

पाणी बोट घालून द्या, वरचं बोटाचं एक पेर कोरडं लागलं तर. खत महिन्यातून एकदा मूठभर शेणखत, जास्त नको. खूप खत दिलं की पानं मोठी होतात पण वास पातळ होतो.

पुदिन्यासारखं सगळीकडे पसरेल का?

पुदिना जमिनीखालून धावतो, हे तसं धावत नाही, जागच्या जागी गड्डा मोठा होतो. थंड देशांत बी सांडून पसरतं. आपल्याकडे ती काळजी नको.

मार्चमध्ये पानं पिवळी पडतात, कडा करपतात.

उन्हाने. जागा बदला, मातीवर सुकं गवत किंवा पाचोळा पसरा. पानाखाली बारीक जाळी आणि वर फिके ठिपके दिसले तर लाल कोळी, कोरड्या हवेत येतो, सकाळी पानाच्या खालून पाण्याचा जोरात फवारा मारा तीन-चार दिवस. पांढरे कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी मारा, आणि मग आठवडाभर पानं खाऊ नका.

पावसाळ्यात काय करायचं? दर वर्षी जुलैमध्ये मरतं.

माझी पहिली तीन वर्षं अशीच गेली. झाड ऊन सोसून मेपर्यंत छान यायचं, पहिल्या पावसात तर असं तरारून उठायचं की वाटायचं आता काळजी नाही, आणि आषाढात एक दिवस बघावं तर खालची पानं काळी, देठ मऊ, ओढलं की हातात. वरून टवटवीत दिसत असतं तेव्हाच खाली कुजायला सुरुवात झालेली असते.

आता मी असं करते. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी चालू असते तेव्हा, झाड निम्म्यावर कापते, म्हणजे आत वारा खेळतो. कापलेल्या शेंड्यांतले सात-आठ, चार बोटं लांबीचे, खालची पानं काढून पाण्याच्या ग्लासात उजेडाला ठेवते, पाणी दोन दिवसांनी बदलते. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात, मग लहान कुंड्यांत लावून घरातच खिडकीशी. मोठी कुंडी कौलांच्या वळचणीखाली, पण पागोळ्या पडतात त्याच्या आत हातभर, आणि चिऱ्यावर उचलून, खालून पाणी वाहून गेलं पाहिजे. पूर्वी घरांच्या भिंतींना माडाच्या झावळ्यांची झड बांधायचे ना, तशी झड मी त्या बाजूला बांधते, वाऱ्याबरोबर येणारा तिरका पाऊस अडतो. जून ते सप्टेंबर खत बंद. पाणी आठवड्यातून एखादं, कधी तेही नाही.

एवढं करून पण मोठं झाड काही वर्षी जातं. ग्लासातली कलमं मात्र चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) तग धरतात, आणि तीच ऑक्टोबरात पुढची झाडं होतात. गोगलगायींवर लक्ष ठेवा, रात्री टॉर्च घेऊन एक फेरी, लहान कुंडी एका रात्रीत बोडकी करतात.

पानं कधी खुडायची?

पेरल्यापासून तीन महिन्यांनी थोडी थोडी. सकाळी, दव उतरल्यावर. एका वेळेला तिसऱ्या भागापेक्षा जास्त नको.

चहा कसा करायचा? वाळवून ठेवता येतं का?

गवती चहासारखं उकळायचं नाही, वास सगळा वाफेबरोबर जातो. आठ-दहा पानं हाताने चुरडा, कपात घाला, उकळलेलं पाणी ओता आणि बशी झाका, पाच-सात मिनिटं. बशी उचलल्यावर तिच्या खाली जमलेल्या थेंबांचा वास घेऊन बघा, काय उडून जात होतं ते कळेल. दूध नको. लिंबू सोड्यात चार पानं फार छान लागतात, शहाळ्याच्या पाण्यात पण.

वाळवून मला समाधान नाही. यात तेल मुळातच फार थोडं, अर्धा टक्का पण नसतं, वाळताना त्यातलं बरंच उडतं. करायचंच तर जानेवारी-फेब्रुवारीत, सावलीत, फॅनखाली, आणि बाटली घट्ट. त्यापेक्षा पानं चिरून बर्फाच्या ट्रेमध्ये पाण्याबरोबर गोठवा.

याने डास जातात का?

कुंडी ठेवून नाही जात. पानात सिट्रोनेलाल नावाचं वासाचं द्रव्य असतं पण ते पानातच असतं, चुरडल्याशिवाय बाहेर येत नाही. हातापायाला चोळलं तर थोडा वेळ फरक पडतो. डेंग्यूच्या दिवसांत यावर विसंबू नका, कुंडीखालच्या ताटातलं पाणी ओता.

झोपेसाठी चांगलं म्हणतात, कोणीही प्यायलं तर चालतं?

मन शांत करणारं म्हणून युरोपात याची जुनी ओळख आहे, १७व्या शतकापासून पॅरिसच्या कार्मेलाईट या ख्रिस्ती साधूंच्या मठातलं "कार्मेलाईट वॉटर" हे औषधी पाणी याच पानांपासून करायचे. रात्री कपभर प्यायला हरकत नाही. पण थायरॉईडची गोळी चालू असेल, झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या असतील, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आमच्या शेजारच्या काकी थायरॉईडवर आहेत, त्यांना मी पानं देते ती वासासाठी, उशीजवळ ठेवायला.

पुढच्या वर्षीसाठी घरचं बी धरता येईल का?

माझ्याकडे अजून फुललं नाही. मेलिसा म्हणजे ग्रीक भाषेत मधमाशी, तिकडे हे फुललं की मधमाश्या तुटून पडतात, पांढरी बारीक फुलं असतात. आमच्या मागच्या परसात सातेरी मधमाश्यांची पेटी आहे, त्यामुळे मला फार हौस आहे ते बघायची. यंदा दोन कुंड्या न खुडता ठेवल्यात, विहिरीजवळ, तिथे रात्री सगळ्यात गार असतं. तुमच्याकडे गोव्यात कोणाकडे फुललं असेल तर कुठल्या महिन्यात आणि जागा कशी होती ते मला नक्की कळवा.